सुटलेली दारू

कातऱ्यानं दारू सोडली याचं कौतुक तीन गावांत झालं. मेंढ्या पाळणाऱ्या घराघरांत तो कातरणीला जायचा, त्यामुळं त्याची दारू प्रत्येक घराला ठाऊक होती. कुठल्या आवारात तो मेंढीसकट लवंडला होता आणि कुठल्या ओसरीवर त्याला पोत्यासारखं आणून टाकलं होतं, हे लोक हसत सांगत. पण त्याच्या हाताला कुणी नाव ठेवत नव्हतं. प्यायलेला असला तरी मेंढीच्या अंगावर ओरखडा उठत नसे. लोकर अख्खी निघायची, अंगरखा उतरवावा तशी.

सरत्या पावसाळ्यात बायकोनं आणि थोरल्या बहिणीनं मिळून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. चार-पाच दिवस ठेवून घेतलं, सुया टोचल्या, दारू सोडायची म्हणून समजावलं आणि घरी पाठवलं. तो खरंच प्यायचा थांबला. लोकांनी आधी पैजा लावल्या, मग पैजा हरल्या, मग कौतुक केलं.

"लक्ष्मीनं राखलं गं तुला," शेजारीण कातऱ्याच्या बायकोला म्हणाली.

"लक्ष्मी कुठली, वन्संनी राखलं," बायको म्हणाली. नणंद विधवा होती, भावाच्याच घरात राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. भावाला दवाखान्यात न्यायचं तिनंच आधी मनावर घेतलं होतं.

त्या वर्षी ऊन लवकर चढलं. थंडी गेली न गेली तोच मेंढ्या तोंडं उघडी टाकून धापा टाकू लागल्या. सगळ्यांनाच लोकर आधी उतरवून हवी होती. तिघं पहाटेच निघायची. बायको मेंढी धरून आणायची आणि पाय बांधायची, कातऱ्या कातरायचा, आक्का उतरलेली लोकर झटकून निवडायची, पोटाखालची मळकी वेगळी आणि पाठीवरची वेगळी. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कुणी कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

मोठ्या कळपवाल्या मालकाच्या आवारात काम लागलं, त्या दिवशी पहिल्यांदा मेंढीला रक्त आलं.

बायकोनं वर पाहिलं. कातऱ्या मेंढी गुडघ्यांत धरून ओणवा होता. डाव्या हातानं कातडी ताणलेली, उजव्या हातात कातर. पण कातर थांबली होती. त्याची मान हळूहळू खाली येत होती, हनुवटी छातीला टेकत होती. मेंढीनं लाथ झाडली तसा तो दचकला आणि पुन्हा कातरू लागला.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"ऊन आहे," तो म्हणाला. जीभ जड लागत होती.

दुसऱ्या मेंढीची काख कापली गेली. तिसरीचा सड थोडक्यात वाचला. मालक उठून जवळ आला. "कातऱ्या, कातरतोयस की सोलतोयस? प्यायचास तेव्हा बरा होतास की."

माणसं हसली. कातऱ्याही हसला. बायको वाकली आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्यांच्या देखत. त्याला ते कळलं. त्यानं तोंड उघडून तिच्या नाकावर श्वास सोडला. "घे. आला का वास?"

वास नव्हता. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती मेंढीच्या जखमेला राख लावत बसली.

घरी आल्यावर कातरींना धार लावायचं काम बायकोचं. धारेच्या दगडाची पिशवी तिनं उपडी केली. दगड पडला, तेलाचं फडकं पडलं आणि गोळ्यांची पाकिटं पडली. काही रिकामी, काही भरलेली. दोन रंगांची. पिवळ्या ती ओळखत होती. पाठ धरली की गावातला दुकानदार देतो त्या. पांढऱ्या बारीक गोळ्यांचं पाकीटही तिनं रोज पाहिलेलं होतं, आक्काच्या उशाशी.

आक्का चुलीपुढं बसली होती. पाकीट पाहून तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"मी दिली," ती म्हणाली. "दवाखान्यातनं आला तेव्हा झोपत नव्हता गं. घरभर फिरायचा. म्हणायचा, आक्का, अंगावर मुंग्या चालतात, आता मी परत गुत्त्यावर जाणार. मी म्हटलं, दारूपेक्षा ही बरी. माझी झोपेची एक दिली. झोपला. दुसऱ्या दिवशी परत मागितली."

"आणि आता किती घेतात?"

"मला काय माहीत? माझ्यातली घेतो, दुकानातनं आणतो. पिवळ्या तर आधीपासून आहेत. दारू पीत होता तेव्हाही घ्यायचा. पाठीसाठी."

"मला नाही सांगितलंत ते, वन्सं."

"तू खूश होतीस," आक्का म्हणाली.

बायको उठली. पाकिटांतली प्रत्येक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढली आणि चुलीत टाकली. आक्काच्या उशाखालचीही आणली. त्याचा सदरा, अंथरूण, छपराच्या वाशांमधली फट, सगळं धुंडाळलं. जिथं हात घालावा तिथं काहीतरी सापडत होतं. कातऱ्या दारातून बघत होता. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. पुढं येऊन तिच्या पायाशी बसला.

"एक ठेव," तो म्हणाला. "एवढी एक पाठीसाठी ठेव. पाया पडतो तुझ्या."

त्याचा हात तिच्या पावलावर होता. तिला तो हात झटकता येईना आणि राहू द्यावासाही वाटेना. तिनं शेवटची गोळी आगीत टाकली.

"दारू सोडलीत, हीही सुटेल," ती म्हणाली. "एकदाच काय तो त्रास."

दुसऱ्या दिवशी त्याला जांभयांवर जांभया येत होत्या. नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी, भर उन्हात अंगावर काटा. दुपारपर्यंत तो पाच-सहा वेळा झुडपांमागं जाऊन आला. पोटऱ्यांत गोळे येत होते; बायको बसून पाय दाबायची आणि उठून मेंढी आणायची. तो काम मात्र सोडेना. "घरी पडलो तर वेडा होईन," म्हणायचा. तिला त्यातच समाधान वाटलं. विष उतरतंय, असं तिनं आक्काला सांगितलं.  आक्काचीही गोळी गेली होती आणि तिचेही हात लोकर निवडताना थरथरत होते.

तिसऱ्या दिवशी त्याचं पोट थांबलं. बायकोला वाटलं, सुटलो. पण तो घामानं निथळत होता आणि कुठं पान हललं तरी दचकत होता. मालकाच्या आवारातल्या शेवटच्या मेंढ्या उरल्या होत्या. एका मेंढीचं पोट कातरून झालं, त्यानं तिला कुशीवर घेतलं, आणि मग त्याच्या घशातून एक आवाज निघाला. माणसाचा वाटू नये असा. तो ताठ झाला आणि मेंढीवरच आडवा पडला. हातपाय झटके देऊ लागले. कातर मुठीतच होती. मेंढी खाली सापडून ओरडत होती.

बायकोनं आधी कातर धरली. मूठ उघडेना. तिनं दोन्ही हातांनी एकेक बोट उचकटलं. तळहातावर पातं लागलं ते तिला नंतर कळलं. आक्कानं त्याला मेंढीवरून ओढून कुशीवर वळवलं. तोंडातून फेस आला, जीभ चावून रक्त आलं. कुणी पाण्याचा तांब्या आणला. "तोंडात नको!" आक्का किंचाळली. "घुसमटेल तो!"

झटके थांबले. तो घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहिला. चड्डी ओली झाली होती. मालकाच्या घरातल्या बायका ओसरीवर येऊन उभ्या होत्या. बायकोनं अंगावरचा पदर सोडून त्याच्या मांड्यांवर टाकला.

"अगं, दारू एकदम तोडली की असं होतं," मालक म्हणाला. त्याच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "माझ्या काकाला झालं होतं. घरात बाटली आहे. दोन घोट दे, जागेवर येईल. ऐक माझं."

"दारू तोडून महिने झाले," बायको म्हणाली.

"मग आणखी काय तोडलंस?"

तिनं मालकाकडं पाहिलं. मग ती नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उचलू लागली. मालकानं टेम्पो काढला. लोकरीच्या गठ्ठ्यांवरच त्याला निजवलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला आणखी एक झटका येऊन गेला. सिस्टरनं विचारलं, "काय घेतो?"

"काही नाही," बायको म्हणाली. "दारू सुटली. गोळ्या घेत होते, त्याही परवा मी चुलीत घातल्या."

सुई भरता भरता सिस्टरचा हात थांबला. तिनं मोठ्यानं डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी त्याच्या डोळ्यांत बॅटरी टाकली, नाडी धरली, सिस्टरला सुई द्यायला सांगितलं. झटके थांबून तो शांत झाल्यावर मग त्या दोघींकडं वळल्या. "कुठल्या गोळ्या? दिवसाला किती?"

बायकोला सांगता येईना. आक्का भिंतीला धरून उभी होती. तिनंच सांगितलं. कुठल्या, कधीपासून, कशा वाढल्या. स्वतःचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला खूण केली, तशी सिस्टरनं आक्कालाही खुर्चीवर बसवून तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला.

"झोपेची गोळी एवढी घेणाऱ्याची एका दिवसात तोडली तर जीव जाऊ शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दारूसारखंच आहे ते. शरीरातली तीच एक जागा असते, दारूनं भरा नाहीतर गोळीनं भरा."

"म्हणजे मी मारायलाच निघाले होते त्यांना."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" डॉक्टरीणबाई थकल्यासारख्या स्टुलावर बसल्या. "मागच्या वेळी इथंच होता ना? दारूचं विचारलं. आणखी काय घेतोस, पाठीसाठी काय, झोपेसाठी काय, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तीन पदरांचा दोर असतो तसं असतं हे. आम्ही एक पदर ओढून काढला आणि म्हटलं दोर सुटला. उरलेले दोन आणखी आवळले."

"मग आता?"

"आता तिन्हींचं एकदम बघायचं. पण सावकाश. झोपेची थोडी थोडी कमी करत न्यायची. दुखण्याच्या गोळीच्या जागी दुसरं औषध देऊ, त्यासाठी त्याला इथं यावं लागेल. आणि ती पाठ. पाठीचं काही केलं नाही तर हे सगळं फुकट. एकट्या दारूवाल्यापेक्षा याला वेळ जास्त लागेल, पायही जास्त वेळा घसरेल. घसरला तर लपवू नका. या वेळी गोळीवर दारू प्याला तर झोपेतच श्वास थांबेल, एवढं पक्कं लक्षात ठेवा."

त्याला दोन दिवस भिंतीवर मेंढ्या दिसत होत्या. सोललेल्या मेंढ्या चढतायत, हाकला, म्हणायचा. बायको पदरानं भिंत झटकायची. "गेल्या?" "गेल्या." मग तो डोळे मिटायचा.

घरी आले तेव्हा गोळ्यांचा डबा बायकोच्या कमरेला होता. सकाळी एक, रात्री दीड, असं तिनं स्वतःच्या हातानं द्यायचं होतं. ज्या हातानं चुलीत टाकल्या त्याच हातानं. पहिल्या दिवशी त्यानं तळहात पुढं केला तेव्हा तिला रडू आलं. तो म्हणाला, "दे गं. मला काय हौस आहे का?"

शेजारणीला हे कळायला वेळ लागला नाही. "आधी जाळल्यास, आता भरवतेस होय? आगीतनं फुफाट्यात."

"फुफाटा तर फुफाटा," बायको म्हणाली. "त्यातनं चालून बाहेर तरी निघता येतं."

मालकाच्या मेंढ्या तशाच राहिल्या होत्या आणि ऊन वाढतच होतं. कातऱ्यानं कातर हातात घेऊन पाहिली. पाती एकमेकांवर वाजत राहिली, टक टक टक. त्यानं ती खाली ठेवली. बायकोनं उचलली. शेपटीखालची आणि पायांवरची लोकर ती पूर्वीपासून साफ करायची. अख्खी मेंढी तिनं कधी कातरली नव्हती.

"पातं आडवं ठेव," तो म्हणाला. "टोक वर नको. कातडी ताण आधी. हां."

पहिल्या मेंढीची लोकर तुकड्यातुकड्यांत निघाली. आक्का म्हणाली, "उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतेय गं." तिघंही हसली. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा हसली. चौथ्या-पाचव्या मेंढीला हात बसला. तो मेंढ्या धरून आणू लागला, पाय बांधू लागला, म्हणजे जे काम ती करायची ते.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिला सरळ उभं राहवत नव्हतं. कमरेपासून वर जळता निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. कण्हत ती भिंतीला टेकली. डबा कमरेला टोचत होता. तो सोडून तिनं हातात घेतला आणि हातातच धरून बसली. तो समोर बसून बघत होता.

"दुखतंय ना?" तो म्हणाला.

"हो."

"माझी पाठ अशी वीस वर्षं दुखते."

तिनं डबा परत बांधला. आक्कानं वीट तापवून फडक्यात गुंडाळून आणली. आधी तिच्या पाठीला लावली, मग त्याच्या. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम तो उताणा पडून, गुडघे पोटाशी घेऊन करत होता. आजवर त्याला त्याची लाज वाटायची. त्या दिवशी तीही शेजारी आडवी झाली आणि करू लागली.

असे बरेच दिवस गेले. दीडची एक झाली, मग एकाहून थोडी कमी. रात्री तो तळमळायचा, पण झोपायचा. आक्काची गोळीही अर्ध्यावर आली. रात्री जास्त कोण तळमळलं यावरून तिची भावाशी पैज लागायची. दुसऱ्या एका गावात मेंढ्या कातरायला घेतल्या. तिथला कळप त्या मोठ्या कळपवाल्या मालकाच्या भावाचा होता. कुंपणावर हात टेकून तो बराच वेळ बघत राहिला.

"कातऱ्या," तो म्हणाला, "आता तुला काय म्हणायचं? धरऱ्या?"

आवारातली माणसं खदखदून हसली. कातऱ्याही हसला. मेंढीचे पाय बांधून त्यानं ती बायकोपुढं सरकवली. "पाणी पिऊन येतो," म्हणाला.

पाण्याचा रांजण कुंपणाशीच होता. तो रांजणावरून पुढं गेला. बायकोनं पाहिलं. तिला उठता आलं नाही. मेंढी गुडघ्यांत होती. आक्कानं हाक मारली. तो थांबला नाही.

एक मेंढी झाली, दुसरी झाली. तिसरीचं पोट आणि एक कुशी उतरली तेव्हा तो परत आला. सरळ चालत होता. येऊन तिच्यापुढं उभा राहिला, थोडा लांब.

"प्यालो," तो म्हणाला. "तू वास घेण्याआधी सांगतोय. दोन पेले. सकाळची गोळी पोटात आहे."

 मालकाचा भाऊ कुंपणावरून हात काढून उभा राहिला.

 बायकोला त्याला मारावंसं वाटलं. कातर टाकून त्याच्या सदऱ्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. महिनोन्महिने एकेक कण कमी करत आणलेलं, शेजारणीची बोलणी खाऊन, पाठ मोडून.  मग तिला दिसलं की त्याचे ओठ कोरडे पडलेत आणि तो घाबरलाय. प्यायल्यावर तो आजवर कधीही घाबरला नव्हता.

"झोप येतेय का?" तिनं विचारलं.

"डोळे जड झालेत."

तिनं मेंढीच्या पायांची दोरी सोडली. मेंढी धडपडत उठली आणि अर्धी लोकर अंगावर, अर्धी जमिनीवर फरफटवत कळपात पळाली.

"अगं, हे काय!" मालकाचा भाऊ ओरडला. "अशी कशी सोडलीस? काम अर्धं टाकून जाणार?"

"अर्धंच राहील," बायको म्हणाली. "तुमचा टेम्पो काढा. नाहीतर चालत नेते."

मालकाच्या भावानं एकदा कातऱ्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि किल्ली शोधायला गेला. बायकोनं कातऱ्याचा एक दंड धरला, आक्कानं दुसरा. वाटेत दोघींनी त्याला मधे बसवलं आणि डोळे मिटू दिले नाहीत. डुलकी लागली की आक्का कान पिळायची. "लहानपणी पिळायचीस तसाच पिळतेस," तो म्हणाला.

दवाखान्यात तीच सिस्टर होती. तिनं सवयीनं बायकोकडं पाहिलं. "काय घेतलं?"

बायको बाजूला सरली.

"मला विचारा," कातऱ्या म्हणाला. आणि त्यानं सांगितलं. दारू किती, कुठल्या वेळी. सकाळी कुठली गोळी, दवाखान्याचं औषध किती. आणि बायकोला माहीत नसलेलंही एक सांगितलं: गेल्या आठवड्यात पाठ सहन झाली नाही म्हणून दुकानातनं दोन पिवळ्या घेतल्या होत्या. बोलताना तो जमिनीकडं बघत होता, पण थांबला नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत आणि शाबासकीही दिली नाही. "दोन पावलं मागं जाऊ," एवढंच म्हणाल्या. "रात्रभर इथं राहायचं. श्वासावर लक्ष ठेवायचं. पुढं कमी करायची ती आणखी सावकाश करू. पाठीचं परत बघू."

"परत पहिल्यापासून?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून नाही. तेव्हा तू इथं बेशुद्ध आला होतास."

त्याला खाटेवर घेतलं. बोटाला यंत्राचा चिमटा लावला. सिस्टर म्हणाली, झोपला तरी चालेल, आम्ही बघतोय. पण बायकोचा जीव राहीना. तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या छातीवर नजर लावून बसली. आक्का बाकावर आडवी झाली आणि लगेच घोरू लागली, गोळीशिवाय.

"रागावलीस?" तो म्हणाला.

"हो."

"जा घरी. उद्या मेंढ्या आहेत."

"मेंढ्या कुठं जातायत."

तो हसल्यासारखा झाला. पापण्या मिटल्या. छाती वर गेली, खाली आली, आणि पुन्हा वर जायला नेहमीहून जास्त वेळ लागला.

"अहो," ती म्हणाली. "ऐकताय ना?"

उत्तर आलं नाही. तिनं त्याचा हात धरला.

"अहो."

"ऐकतोय," तो डोळे न उघडता म्हणाला. "बोल."

 ती बोलत राहिली. छपराच्या फटीबद्दल, आक्काच्या घोरण्याबद्दल, या वर्षी कुणाची लोकर चांगली निघाली त्याबद्दल. मधूनमधून ती थांबायची, आणि तो "हं" म्हणेपर्यंत पुढचं बोलायची नाही.